क्षयरोग : आरोग्यधामापासून दवाखान्यापर्यंत

क्षय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या कादंबरीतला रोगी उभा राहतो. पांढरा रुमाल, त्यावर रक्ताचा ठिपका आणि दूर कुठेतरी आरोग्यधाम. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. पण पुढची साठ वर्षे त्यावर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती हाच उपचार. मिरजेसारख्या कोरड्या हवेच्या गावी रोगी धाडत ते यासाठीच. चाळीतल्या गिरणी कामगाराला हे कोठून परवडणार?

१९४४ पासून औषधे येऊ लागली, तरी रोग्यांच्या मानाने खाटा फारच थोड्या होत्या. वाट दाखवली ती मद्रास शहराने. तेथे १९५६ साली निघालेल्या केंद्राने गरीब वस्तीतले १९३ रोगी निवडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून सुमारे निम्मे आरोग्यधामात ठेवले आणि बाकीचे स्वतःच्या घरीच. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. घरच्या रोग्यांना दाटीवाटीची खोली, बेताचे अन्न आणि विश्रांती त्याहून बेताची. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाल्याचे दिसले. शिवाय घरच्या रोग्यांपासून कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही आढळले नाही. लागण व्हायची ती बहुधा निदानापूर्वीच झालेली असते. औषध सुरू झाले की कफातले जंतू झपाट्याने घटतात.

मात्र या प्रयोगात रोग्याच्या शब्दावर कोणी विसंबले नव्हते. कार्यकर्ते न कळवता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत! खाटेची जागा या पाठपुराव्याने घेतली होती.

त्याची गरज का, ते जंतूच्या स्वभावात आहे. महिन्या-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. रोगी म्हणतो, “आता काय झालंय मला?” पण हा जंतू अतिशय सावकाश वाढतो, काही तर निपचित पडून राहतात, आणि अशांवर औषधाचा घाव नीट बसत नाही. म्हणून आज दोन महिने चार औषधे व पुढे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा क्रम असतो. मध्येच सोडले तर औषधाला न जुमानणारे जंतू माजण्याचा धोका, आणि मग शेजाऱ्याला होणारा क्षयही तसलाच.

आजच्या पालिकेच्या दवाखान्यात थुंकी नव्हे, छातीतून खोकून काढलेला बेडका मागतात. जनुकीय चाचणीचे यंत्र दोनेक तासांत जंतू सांगते, रिफॅम्पिसिन त्यावर चालेल की नाही हेही सांगते. औषधे फुकट, नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपये. पण परिचारिकेचे एक वाक्य याहून मोलाचे ठरते : “लघवी नारिंगी होईल, घाबरू नका.” हे आधी सांगितले नाही, तर रक्त जाते आहे असे समजून रोगी गोळ्याच बंद करतो. दुसरी अडचण खास शहरातली. भाड्याची खोली बदलते, पत्ता हरवतो, शिमग्याला माणूस कोकणात जातो. म्हणून गोळ्या देताना विचारायचे, “गावी कधी निघालात? किती दिवस?” आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर बांधून द्यायच्या.