मतांनी ठरलेला पहिला नंबर

माझी भाची शिकायला अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गेली आणि तिच्यामागोमाग आमच्या इंदूरच्या घरात कॉलेज फुटबॉल शिरला. हंगाम सुरू झाला की रविवारी सकाळी तिचा आवाजी संदेश ठरलेला : "मामा, काल आपण जिंकलो!" तिची आजी दर वेळी विचारते, "आपण म्हणजे कोण गं?"

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि चेंडू बगलेत मारून पळणाऱ्याला सगळ्यांनी मिळून आडवा करायचा. खेळाचे नियम मला आजही निम्मेच कळतात. पण भाचीच्या संदेशात एक वाक्य असायचे, ते मात्र मला स्वस्थ बसू देईना : "या आठवड्यात आपण तीन नंबर वर सरकलो." कसे सरकलो? तर म्हणे मतदान झाले. खेळात मतदान! मी क्रिकेटच्या गावात वाढलेला माणूस. पहिला कोण, हे मैदानावर ठरते एवढेच मला ठाऊक. म्हणून मी या मतदानाच्या मुळाशी जायला लागलो आणि १९५१ च्या हंगामापाशी येऊन थांबलो.

१९५१ च का? एक तर त्या वर्षी भाचीच्या विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नव्हता, तरी पहिला ठरला नाही. दुसरे कारण आमच्या इंदुरी अभिमानाचे. त्याच हिवाळ्यात आपला होळकर संघ, पंचावन्नी ओलांडलेल्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईकडून सपाटून हरला. वाईट वाटले असेलच इंदूरकरांना. पण रणजी तेव्हा बाद पद्धतीने खेळली जाई. हरला तो घरी, शेवटी उरला तो विजेता. मुंबई पहिली का, असे विचारायची सोयच नव्हती.

तिकडे तशी सोय करता येईना. मोठ्या कॉलेजांचे शंभरावर संघ, देश खंडाएवढा आणि खेळ असा अंगावर येणारा की आठवड्याला एकाहून अधिक सामना खेळणे अशक्य. मुले विद्यार्थी. सप्टेंबरअखेर सुरुवात आणि नोव्हेंबर सरता सरता शेवट, तेवढ्यात नऊ-दहा सामने. तेही बहुतेक आपापल्या भागातल्या कॉलेजांशी. म्हणजे टेनेसीचा संघ मिशिगनच्या संघासमोर कधी उभाच राहायचा नाही. दोघेही अपराजित राहिले तर मोठा कोण?

यावर तोडगा काढला वर्तमानपत्रांनी. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून दर आठवड्याला क्रीडा पत्रकारांची मते मागवून क्रमवारी छापायला सुरुवात केली. तिचे क्रीडा संपादक ॲलन गोल्ड यांचा हेतू साधा होता : शनिवारी सामने झाले की पुढच्या शनिवारपर्यंत पानात छापायला काहीतरी हवे, आणि त्यावर लोक भांडले तर उत्तमच. लोक भांडले. अजून भांडतात. १९५० मध्ये प्रतिस्पर्धी युनायटेड प्रेसनेही आपली यादी काढली; तिच्यात मते प्रशिक्षकांची.

मोजणी अशी. प्रत्येक मतदाराने आपल्या पसंतीचे दहा संघ ओळीने लिहायचे. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असे उतरत दहाव्याला १. मग सगळ्यांच्या गुणांची बेरीज. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखे काही दिसत नाही. पण गणिताची आवड असलेल्या मुलांनी जरा कागदावर करून पाहावे. समजा दहा मतदार आहेत. त्यांतल्या पाच जणांनी 'क' संघाला पहिला लिहिले आणि उरलेल्या पाच जणांनी त्यालाच पाचवा. त्याचे गुण झाले ५० अधिक ३०, म्हणजे ८०. 'ख' संघाला सर्वांनी दुसरा लिहिले, त्याचे ९०. ज्याला एकानेही पहिला म्हटले नाही, तो यादीत निम्म्यांच्या पहिल्याच्या वर बसला. सगळ्यांना बरा वाटणारा उमेदवार पुढे जातो, हे आपल्या मंडळांच्या निवडणुकांत पाहिलेल्यांना नव्याने सांगायला नको.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मत देणाऱ्याने पाहिलेले काय असे? शनिवारी तो एका मैदानावर हजर. बाकीचे सामने त्याच वेळी इतर गावांत चाललेले. टीव्ही घरोघरी पोहोचायचा होता आणि मैदाने ओस पडतील या धास्तीने कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांवर मर्यादा घातलेली. मग आधार कशाचा? धावफलक, तारेने आलेल्या बातम्या, रेडिओ आणि मागच्या आठवड्याची यादी. वरचा संघ हरेपर्यंत वरच राहायचा, कारण त्याला खाली ओढायला कोणाकडे कारण नसायचे. आणि कॉलेजांनीही प्रसिद्धी अधिकारी नेमलेले होतेच. पत्रकारांच्या टेबलावर आपल्या खेळाडूचे नाव सतत पडत राहील, हे पाहणे त्यांचे काम.

डिसेंबर १९५१ च्या सुरुवातीला शेवटची यादी लागली. पहिला टेनेसी, दहाच्या दहा सामने जिंकलेला. दुसरा मिशिगन स्टेट, नऊपैकी नऊ. तिसरा मेरीलँड, तोही नऊपैकी नऊ. प्रिन्स्टनही नऊपैकी नऊ जिंकून सहाव्या स्थानी. इलिनॉय आणि जॉर्जिया टेक यांची प्रत्येकी एक बरोबरी, हार नाहीच. पहिल्या सहांत हरलेला एकही संघ नाही! भाचीच्या मिशिगन स्टेटने नोत्र दामसारख्या नामवंत संघाला ३५–० असे धुतले होते, तरी दुसरा.

आता खरी गंमत. हंगाम यादीबरोबर संपत नसे. एक जानेवारीच्या सुमारास निवडक संघांना 'बोल' सामन्यांची आमंत्रणे येत. सामना म्हणजे जत्राच. गावोगावचे पाहुणे, मिरवणुका, हॉटेलवाल्यांची चंगळ. या सामन्यांना बक्षीस म्हणून दिलेली सहल समजत, त्यामुळे क्रमवारी त्याआधीच बंद. १ जानेवारी १९५२ ला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोलमध्ये टेनेसी आणि मेरीलँड समोरासमोर आले. मेरीलँडने २८–१३ असा सामना जिंकला. म्हणजे पहिला हरला, तिसरा जिंकला आणि पहिला पहिलाच राहिला! आदल्या वर्षी ओक्लाहोमाचे असेच झाले होते. पहिला नंबर खिशात घालून केंटकीकडून १३–७ ने हरले. चार वर्षांपूर्वी, १९४७ च्या हंगामात, तर आणखी कहर. नोत्र दाम पहिला, मिशिगन दुसरा. मग मिशिगनने रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाला ४९–० ने लोळवले. लोकांनी इतका गलका केला की असोसिएटेड प्रेसने खास फेरमतदान घेतले. मिशिगनला २२६ मते, नोत्र दामला ११९. आणि तरीही जाहीर केले की अधिकृत यादी जुनीच!

माझ्या मते हा निव्वळ हट्ट होता. परीक्षेचा शेवटचा पेपर तपासायच्या आधीच निकाल लावण्यासारखे. असोसिएटेड प्रेसने बोल सामन्यांनंतरची शेवटची यादी एकदा १९६५ मध्ये करून पाहिली आणि १९६८ पासून कायमची केली. चार संघांची बाद फेरी यायला २०१४ उजाडले, बारा संघांची २०२४ मध्ये आली. त्या बारांत कोण, हे ठरवायला मात्र अजूनही एक समितीच बसते.

असे असल्यावर १९५१ चे दावेदार एकाहून अधिक असणारच. हेल्म्स फाउंडेशन या दुसऱ्या एका संस्थेने त्या वर्षी मिशिगन स्टेटला पहिले मानले आणि ते विद्यापीठ १९५१ आपल्या विजेतेपदांत धरते. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की!" वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण या यादीत मला सर्वांत जास्त अडवून धरले ते १४ व्या ओळीने. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. लहानसे कॅथलिक कॉलेज, नऊ सामने, नऊ विजय. त्यांचा ऑली मॅटसन त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला, देशात सर्वाधिक. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅमला हरवले, तेव्हा पूर्वेकडच्या पत्रकारांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा प्रसिद्धी अधिकारी होता पीट रोझेल, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा, म्हणजे एनएफएलचा, सर्वोच्च प्रमुख झाला. एवढे असून १४ वा. कारण सांगितले जाई ते असे की यांचे प्रतिस्पर्धी कच्चे, काही सामने तर लष्करी तळांच्या संघांशी. त्यात तथ्य होते. पण मोठी कॉलेजे अशा लहान कॉलेजाशी खेळायला फारशी उत्सुक नसत, हेही तितकेच खरे.

कॉलेजला फुटबॉल परवडत नव्हता. एखाद्या बोलचे आमंत्रण आले असते तर तोटा भरून निघण्याची आशा होती. त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितले ते असे : आमंत्रण येऊ शकते, पण मॅटसन आणि बर्ल टोलर या दोघांना घरी ठेवून या, असा निरोप प्रशिक्षक जो कुहारिक यांच्यापर्यंत आला. दोघेही कृष्णवर्णीय. दक्षिणेतल्या मोठ्या बोल सामन्यांत तेव्हा वर्णभेद उघड होता. शुगर बोलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्गचा बॉबी ग्रियर, उतरला तो १९५६ मध्ये. यादीत पहिल्या असलेल्या टेनेसीच्या संघातही सगळे गोरेच. मिशिगन स्टेटचा डॉन कोलमन मात्र कृष्णवर्णीय आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम राष्ट्रीय संघात एकमताने निवडलेला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांनी चर्चासुद्धा फार केली नाही म्हणतात. दोघे येणार नसतील तर कोणीच येणार नाही. आमंत्रण आले नाही. हंगाम संपल्यावर कॉलेजने तोट्यापायी फुटबॉलच बंद केला, आणि नऊपैकी नऊ जिंकलेला संघ एका झटक्यात नाहीसा झाला.

विशी-बाविशीतली पोरे होती ती. हातातोंडाशी आलेला सामना, कॉलेजचा संघ वाचायची शक्यता, आणि समोर फक्त दोन नावे गाळायची. मी हे आमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला : "मग त्या दोघांनी काय म्हटलं?" मोठ्यांपैकी कोणाला हा प्रश्न सुचला नव्हता.

मॅटसन १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटर धावण्यात त्याने कांस्यपदक मिळवले, शिवाय रिलेमध्ये रौप्य. त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे एकाच १४ व्या क्रमांकाच्या संघातले तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. टोलरचा गुडघा १९५२ मध्येच दुखावला आणि त्याचे खेळणे संपले. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला मैदानावर पंच म्हणून घेतले. त्या लीगचा तो पहिला कृष्णवर्णीय पंच. १९८० च्या सुपर बोलमध्ये, त्या खेळाच्या सर्वांत मोठ्या सामन्यात, निर्णय देणाऱ्या पंचांत बर्ल टोलर होता.