दोन फुटांवरून दिसणारे घर

आपल्या छत्रपती संभाजीनगरला पाहुण्यांचे अप्रूप नाही. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभर. दोन्ही ठिकाणची लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि ती पाहायला आलेला प्रवासी बहुधा आपल्याच गावात मुक्कामाला उतरतो. एकटादुकटा असेल तर त्याला हॉटेलची खोली पुरते. पण ज्यांच्या कडेवर मूल आहे त्या मंडळींना दूध तापवायला शेगडी हवी, दुपटी वाळवायला दोरी हवी आणि मुलाला रांगायला मोकळी जमीन हवी. म्हणून ती चार दिवसांसाठी एखादे घरच भाड्याने घेतात. आपल्यातलेही काहीजण वरचा मजला अशा पाहुण्यांसाठी राखतात. ‘निवास व न्याहारी’ योजना अशाच घरांसाठी आहे.

आता प्रश्न असा, की मुलाबाळांच्या पाहुण्यांसाठी हे घर सजवायचे कसे?

आमच्या शेजाऱ्यांनी हाच प्रश्न मला विचारला होता. “सर, काय काय आणू ते सांगा,” म्हणाले. मी पडलो महाविद्यालयात शिकवणारा! भिंतीवर अजिंठ्याचे चित्र लावा, काचेचे टेबल आणा, खिडकीला हिमरूचा पडदा करा, असा सल्ला मी मोठ्या उत्साहाने दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी तो पाळला. पहिलेच पाहुणे दीड वर्षाचा मुलगा घेऊन आले. सामान वर नेण्याच्या गडबडीत मूल दिसेना. सापडले ते मोरीत, काठोकाठ भरलेल्या बादलीवर ओणवे झालेले. हातातला खुळखुळा पाण्यात पडला होता, तो काढायला निघाले होते. शेजारीणबाईंनी झटकन उचलले, म्हणून काही झाले नाही. आणखी एक मिनिट गेले असते तर ही हकीगत मला अशी सहज सांगता आली नसती.

त्या पाहुण्यांची पाठ वळताच आम्ही दोघे चाळिशीतले गृहस्थ त्या घरात चक्क रांगलो. हसू नका! रांगत्या मुलाची नजर जमिनीपासून फूट-दीड फुटावर असते, नुकत्याच चालू लागलेल्याची दोन फुटांवर. तिथून पाहिले तेव्हा माझे काचेचे टेबल म्हणजे एक धारदार कोपरा झाला, आणि पडदा म्हणजे ओढून अंगावर घ्यायची वस्तू. तेव्हा कळले, की लहान मुलासाठी घर सजवायचे म्हणजे आधी वस्तू आणायच्या नव्हेत, तर हलवायच्या.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्या शहराला पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते, आणि वर्षानुवर्षे ते काही दिवसांआड येत आल्यामुळे टिपाडे, पिंपे, बादल्या भरून ठेवण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. मोठ्यांच्या दृष्टीने भरलेली बादली ही श्रीमंती. मुलाचे मात्र डोके अंगाच्या मानाने जड असते; वाकले की तोल पुढे जातो आणि मागे येत नाही. दोन इंच पाणीही त्याला बुडायला पुरते. बुडणारे मूल बहुधा ओरडतही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. बुडून मरण्याचे प्रमाण जगभर एक ते चार वर्षांच्या मुलांतच सर्वांत अधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पिंपाला घट्ट झाकण, मोरीच्या दाराला बाहेरून उंचावर कडी, आणि बादली वापरून झाली की पालथी. झाकणाचा दुसरा लाभ असा, की डेंग्यूचा डास अशाच साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो. एका झाकणाने दोन्ही शत्रू बाहेर राहतात. मोरीची आतली कडीही काढून वर लावा. मूल आत कोंडून घेते आणि मग दार फोडावे लागते.

पाण्यानंतर वीज. मराठवाड्याचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, शेजारी ओली फरशी आणि अनवाणी मूल! तारेचे आवरण झिजले आणि अर्थिंग नसले, तर तो पत्रा हात लावण्याजोगा राहत नाही. दर उन्हाळ्याच्या आरंभी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्या. वीज भलतीकडे गळू लागली की ते क्षणार्धात प्रवाह तोडते. खर्च होतो, नाही असे नाही. पण तो माझ्या पडद्याच्या आधी करायला हवा होता. बादलीत सोडायची पाणी तापवण्याची सळई मात्र पाहुण्यांच्या घरात ठेवूच नका. गीझर असेल तर तो ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आपण कढत पाण्यात विसण घालतो. मुलाच्या आंघोळीला उलटे करावे. आधी गार पाणी, मग गरम.

जिना आणि गच्ची ही तिसरी बाब. कठडा निदान एक मीटर उंच हवा, आणि दोन गजांमधले अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. त्यातून अंग निसटते आणि डोके अडकते. कठड्याजवळ खुर्ची किंवा कुंडी ठेवली, तर तुम्ही आपल्या हाताने पायरी बांधून दिलीत असे समजा. जिन्याला खाली आणि वर अशी दोन्हीकडे लहानशी फाटके सुताराकडून करून घेता येतात.

मग राहिल्या बारीकसारीक वस्तू. फिनेल आणि संडास धुण्याचे ॲसिड सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची खोड मोडा, आणि या वस्तू कुलपात ठेवा. खेळण्यांतल्या आणि घड्याळांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर औषधांइतक्याच जपा. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. पलंग आणि चपलांचे खण भिंतीपासून थोडे दूर ठेवा, कारण आपल्या भागात विंचू असतो आणि मोठ्यांपेक्षा मुलाच्या जिवाला त्याचे भय अधिक. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि कोकणात महाडला आयुष्य घालवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडते ते दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध गुण देते ते वेळेवर पोचल्यावरच. विंचू चावला की मंत्र नको, थेट दवाखाना.

इतके झाल्यावर मग आणायच्या वस्तूंची यादी करा. ती तुम्हाला वाटते त्याहून लहान आहे. उंच पलंगाऐवजी जमिनीवर अंथरायची जाड गादी, म्हणजे मूल पडणार कुठून? तान्ह्यासाठी कडक, सपाट अंथरूण. उशी नको आणि मूल उताणे निजवावे, असे डॉक्टर सांगतात. शिवाय मच्छरदाणी, मऊ भाताला लहान कुकर, दुधाचे पातेले, बुटके स्टूल, थर्मास, आणि सावलीत व उन्हात अशा दोन दोऱ्या. बाबागाडी मात्र घेऊ नका. लेण्यांच्या पायऱ्यांवर तिचा उपयोग नाही. तिथे कडेवर घेणे किंवा झोळीत बांधणे हेच खरे.

शेवटी दाराशी एक पुठ्ठा टांगा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, जवळच्या बालरोगतज्ज्ञाचा पत्ता, आणि ‘घाटी’ म्हणजे शासकीय रुग्णालय कोणत्या बाजूला आहे ते. परगावच्या माणसाला घाटी म्हटले की डोंगराचा रस्ता वाटतो! त्याखाली हेही लिहा, की अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. शंभर किलोमीटर रडत्या मुलाला घेऊन जावे आणि दार बंद दिसावे, यासारखा मनस्ताप नाही.

आमच्या शेजाऱ्यांकडे आता काचेचे टेबल नाही. अजिंठ्याचे चित्र आहे, पण उंच भिंतीवर. परवा जाताना एक आई त्यांना म्हणाली, “काका, चार दिवसांत पहिल्यांदाच मी सगळा चहा गरम प्यायले.” मुलाबाळांच्या पाहुण्यांचे घर कसे असावे, याचे याहून नेमके उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुमच्याही घरी असे पाहुणे येणार असतील, तर आज संध्याकाळी दार लावून घ्या आणि एकदा घरभर रांगून पहा. गुडघे थोडे दुखतील, एवढेच.