स्पर्धा, यश आणि आडनाव

बाजाराला जात नसते, असे आपल्या पदवीधर मुलांना अलीकडे वारंवार सांगितले जाते. गुणवत्ता मिळवा, इंग्रजी सुधारा, संगणक शिका. सरकारी नोकरीची वाट पाहू नका, तिथे राखीव जागेचा शिक्का कपाळी बसतो. खासगी कंपनीत फक्त काम पाहतात. हे सांगणाऱ्यांत आपलेही काही लोक आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९९१ नंतर अर्थव्यवस्था बदलली. सार्वजनिक उद्योग आक्रसत गेले. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने आलेले नोकरीतील आरक्षण राज्यसंस्थेपुरते असल्यामुळे ते खासगी कंपनीच्या उंबरठ्यावर थांबले. तेव्हा त्या दारातून आत जाण्याची महत्त्वाकांक्षा आपल्या मुलांनी धरू नये, असे कोण म्हणेल? परंतु त्या दाराची रचना समजून न घेता आत जाऊ पाहणारा तरुण अपयश आले की त्याचे खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतो. आणि यश आले तर त्या यशात चोरासारखा वावरतो. म्हणून ही रचना नीट पाहिली पाहिजे.

जागतिक स्पर्धा आपल्याकडे काही काल-परवा आलेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्या आधी मँचेस्टरशी आणि पुढे जपानशी झुंजत होत्या. हिशेब आण्या-पैचा होता. अशा धंद्याने तरी कामगाराचे हात कोणत्या जातीचे हे पाहू नये, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात विणकाम खात्यात, जिथे मजुरी चांगली मिळे, तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा दुसरा विणकर तोंडाला कसा लावणार? एवढ्या कारणावरून आपली माणसे कमी मजुरीच्या खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या खितपत राहिली. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा श्रमिकांच्या एकजुटीची भाषा बोलणारेही अडचणीत आले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विणकामाचे दार उघडल्याने मालकाचा तोटा होणार नव्हता. उलट कामासाठी माणसे वाढली असती. तरीही त्याने ते उघडले नाही. बाजाराने जात मोडली नाही, तिला गिरणीत स्वतंत्र खाते उघडून दिले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू एका दमात सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

आणि त्यांचा स्वतःचाही होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेल्या या माणसाने बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. शेअरबाजारात सल्ल्याची किंमत त्यातून होणाऱ्या नफ्यावर ठरावी. इथे ती सल्लागाराच्या जन्मावर ठरली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथेही काही सहकाऱ्यांचा आक्षेप पाण्याच्या भांड्यावर होता. गुणवत्ता याहून अधिक ती काय असायची?

शंभर वर्षांपूर्वीच्या या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, तो अशांनी जरूर वाचावा. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या जाहिराती येत, त्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, एक दलित, एक मुसलमान. सहासष्ट आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. उच्चवर्णीय नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुसलमान नावाला ०.३३ निघाली. मुलाखत पुढेच होती, उमेदवाराचे तोंडही कोणी पाहिलेले नव्हते.

मुलाखतीत काय होते हेही याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी तपासले. दिल्लीतल्या कंपन्यांचे भरती करणारे अधिकारी एकमुखाने म्हणाले, आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. आणि त्यांतलेच बहुतेक जण उमेदवाराला त्याच्या घराण्याविषयी विचारत होते. वडील काय करतात, भावंडे कुठे आहेत, वाढलात कुठे. संस्कार घरातून येतात, हे त्यांचे स्पष्टीकरण. प्रश्न किती साधा, किती आपुलकीचा वाटतो! ज्याची आई नगरपालिकेत रस्ता झाडते आणि बाप मोंढ्यात पाठीवर पोती वाहतो, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? त्या आईबापांनी मुलाला इथवर आणले, यातली जिद्द कोणत्या रकान्यात भरायची? जात शब्द न उच्चारता जात मोजण्याची ही रीत आहे, आणि इंग्रजी बोलण्यामुळे ती अधिक सभ्य दिसते इतकेच.

यातूनही मुले आत जातात. पगार चांगला असतो, घराचे हप्ते सुरू होतात, गावाकडे पैसे जातात. हे सुख खोटे नाही. भाकरीची भ्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांनीच त्याला नावे ठेवावीत. परंतु त्याच्याबरोबर एक नवी मजुरी सुरू होते, लपवण्याची. आडनाव गावावरून असेल तर बरे, नसेल तर ते बदलण्याचा विचार येतो. सहकारी घरी यायचे असले की दिवाणखान्यातली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते. चौदा एप्रिलला रजा टाकताना कारण ‘घरगुती’ लिहिले जाते. डब्याच्या वेळी आरक्षणावर टवाळी निघाली की मान खाली घालून जेवण चालू ठेवायचे, कधी हसायचेसुद्धा. अशा माणसाला सुखी म्हणावे काय? आपल्याकडे त्याला ‘दलित ब्राह्मण’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. समाजाला विसरलेल्या सुशिक्षितांविषयी १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी जी व्यथा बोलून दाखवली ती खरीच आहे. पण लपणारा प्रत्येक जण विसरलेला असतो असे नाही. पुष्कळ जण भ्यालेले असतात, आणि भीतीला सबळ कारण असते.

नोकरी मागण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा, हा दुसरा मार्ग. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी केली. केंद्र सरकारने २०१२ मध्ये सरकारी खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ठरवला. हे स्वागतार्ह आहे. मात्र काही डझन कारखानदारांच्या यशाकडे बोट दाखवून लाखो पदवीधरांच्या दारातल्या अडथळ्याचा प्रश्न सुटला म्हणणे हा हिशेब पटत नाही.

मग देशच सोडला तर? तिथे तरी आडनाव कोण ओळखणार? अमेरिकेत ते ओळखणारे आपल्याबरोबरच विमानाने गेले. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनी आणि तिच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांविरुद्ध, एका दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याच्या आरोपाखाली दावा लावला. कंपनीने आरोप नाकारला. २०२३ मध्ये त्या दोघांवरचा दावा मागे घेण्यात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी केली, आणि ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर, सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून, नकाराधिकार वापरला. दावा दाखल झाला त्याच वर्षी अमेरिकेतल्या बड्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या तीस दलित स्त्री-अभियंत्यांनी आपले अनुभव सांगणारे निवेदन ‘वॉशिंग्टन पोस्ट’कडे दिले. स्पर्धेच्या जगात ज्याला शिखर म्हणतात तिथे पोचलेल्या या तीस जणी. निवेदनावर त्यांतल्या एकीचेही नाव नव्हते.