स्त्रियांच्या कथांतील लोकजीवन

लोकसंस्कृती म्हटली, की जत्रा, फुगड्या आणि सणावारांची पक्वान्ने आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु लोकरीती ही माणसाच्या मनाची भाषाही असते. घरात जे उघड बोलता येत नसे, ते आपल्या आज्या-पणज्या जात्याशी बसून ओवीतून बोलत. शेजारच्या बेळगावात राहिलेल्या कवयित्री इंदिरा संत (१९१४–२०००) यांनी स्त्रियांच्या अशा ओव्या ‘मालनगाथा’ या ग्रंथात जतन केल्या आहेत.

हेच लोकजीवन जाणती लेखिका कथेत आणते, तेव्हा ते केवळ शोभेसाठी नसते. विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांची १९५० सालची ‘बळी’ ही कादंबरी याची साक्ष देईल. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे मुंबई इलाख्यातही त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. अशी वसाहत आपल्या हुबळीतही होती. गंगाधरनगरकडील भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. मालतीबाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केले होते. म्हणूनच तेथील लोकांची बोली, समजुती व चालीरीती त्यांच्या लेखणीतून जिवंत उतरल्या. ही माणसे बळी कोणाची? स्वतःच्या रूढींची, की कुंपण घालणाऱ्यांची? हा प्रश्न वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला; परंतु लोकांच्या मनातील शिक्का एवढ्याने पुसला गेला नाही.

दूरच्या इराणातही रूढीचे असेच सामर्थ्य दिसते. सिमीन दानेश्वर यांची ‘सूवशून’ ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. ‘शाहनामा’ काव्यातील सियावश हा निरपराध राजपुत्र मारला जातो. त्याच्यासाठी लोक जो शोकविधी करीत, त्याचेच नाव या कादंबरीस दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिराझमधील जमीनदार युसुफ परकीय सैन्याला धान्य विकण्यास नकार देतो आणि प्राणास मुकतो. आजवर भीतीने गप्प राहिलेली त्याची पत्नी त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी निर्भय होते. जुना शोक अन्यायाविरुद्धचा आवाज बनतो.

रूढी कोठे माणसाला बांधते आणि कोठे बळ देते, हे पारखण्याची दृष्टी अशा कथा देतात. विद्यार्थिमित्रांनो, आता घरोघरची जाती थांबली आहेत. आजीला एखादी ओवी येत असेल, तर ती आजच वहीत उतरवून घ्या. आणि ती कोणत्या दुःखातून वा आनंदातून गाइली जाई, हेही तिला अवश्य विचारा.