थांबलेला ट्रक आणि कोंडलेल्या माश्या

मधमाश्यांच्या पेट्या वाहणारा ट्रक म्हटला की उलटलेली गाडी आणि चवताळलेले थवे डोळ्यांपुढे येतात. असे घडतेही. ३० ऑगस्ट २०२३ रोजी कॅनडातल्या बर्लिंग्टनजवळ ट्रकवरून पेट्या घसरल्या, सुमारे ५० लाख माश्या मोकळ्या झाल्या आणि पोलिसांनी वाहनचालकांना काचा लावून घ्यायला सांगितले. जळगाव-धुळ्याच्या महामार्गांवर मात्र मोठा धोका उलटणाऱ्या ट्रकचा नाही, उभ्या राहिलेल्या ट्रकचा आहे. आणि तो माणसांपेक्षा माश्यांच्या जिवावर बेततो.

पिल्लांभोवतीचे तापमान माश्या ३४-३५ अंशांवर राखतात, त्यासाठी पंखांनी वारा घालतात, बाहेरून पाणी आणतात. प्रवासाआधी संध्याकाळी माश्या परतल्या की पेटीचे दार जाळीने बंद करतात, म्हणजे पाणी तुटले. ट्रक धावतो तोवर वारा खेळतो. टोलनाक्यावर किंवा पंक्चर काढायला तो उन्हात थांबला की कोंडलेल्या माश्यांची घालमेल वाढते, तिनेच पेटी आणखी तापते, मेण मऊ पडते, मधाने भरलेली पोळी कोसळतात आणि अख्खी वसाहत गुदमरते. कांदा बियाण्याच्या परागीभवनासाठी आणलेल्या पेट्या फुलोरा ओसरून परत निघतात तेव्हा खानदेशात ऊन तापू लागलेले असते आणि चौकटी मधाने जड झालेल्या असतात. म्हणून येण्यापेक्षा जाणे घातक.

मग पेट्या आणायच्याच कशाला? जळगावची केळी परागीभवनावाचून धरते, त्यामुळे हा प्रश्न इथे सहज सुचतो. कांद्याचे तसे नाही. त्याच्या फुलात पराग आधी तयार होतात, स्त्रीकेसर मागाहून. कीटक फिरले नाहीत तर बी नीट भरत नाही. आपली सातेरी माशी पाळा, असेही सुचवले जाते. पण ती पेटी सोडून जाते आणि या पेट्यांतल्या मेलीफेरा माशीइतका मध देत नाही. तिच्यावर व्यावसायिक मधपाळाचे भागणे कठीण. आम्ही रात्रीच निघतो, हे मधपाळांचे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. लांबचा पल्ला एका रात्रीत संपत नाही. निघण्याआधी मध काढावा, चौकटी घट्ट बसवाव्यात आणि वाटेत दिवस उजाडला तर पेट्या सावलीत उतरवून दारे उघडावीत, संध्याकाळीच पुन्हा निघावे. यात एक दिवस जातो, भाडे वाढते. वसाहती मेल्या तर तोटा त्याहून मोठा. ज्यांचे बियाणे या माश्यांमुळे भरते त्या शेतकऱ्यांनी वाढीव भाड्यातला वाटा उचलावा. आणि महामार्गावरच्या पोलिसांना विनंती एवढीच, की अशा ट्रकची कागदपत्रे सर्वांत आधी आणि सावलीत तपासावीत.