विसराळूपणावर झाडपाल्याचे औषध : शोध कुठवर आला?

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या सत्तरीच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडिलांचे किराणा दुकान. उभा जन्म तोंडी हिशेब करण्यात गेलेला. पण वर्षभरापासून ते सुटे पैसे देताना चुकू लागले आणि एकदा तर देवळातून परतताना घराचाच रस्ता चुकले. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सहा महिने ब्राह्मीचे चूर्ण दुधातून देतोय. फरक काही पडत नाही. दुसरी एखादी वनस्पती असेल तर सांगा."

या प्रश्नात हसण्यासारखे काही नाही. स्मृतिभ्रंशावर डॉक्टर आज जी मोजकी औषधे लिहून देतात, त्यांपैकी दोघांचे मूळ वनस्पतींतच आहे. मात्र पानापासून गोळीपर्यंतची वाट कशी असते हे समजून घेतले, तर कशावर भरवसा ठेवावा आणि कशाच्या नादात वेळ दवडू नये, हे कळेल.

हंड्याचे भोक

वय झाले की नावे चटकन आठवत नाहीत, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. हा स्मृतिभ्रंश नव्हे. रोजचे व्यवहार, ओळखीची वाट, हातचे काम यांत अडथळा येऊ लागला, तर मात्र तो आजार समजावा. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिला आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा विकार. जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप धाडतात. स्मरणाच्या कामी येणारे असे एक रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकते. अल्झायमरच्या रुग्णात हे रसायन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात. तेव्हा आहे तेवढे रसायन अधिक काळ टिकावे म्हणून तुकडे करणाऱ्या एन्झाइमला रोखायचे, अशी युक्ती शास्त्रज्ञांनी काढली. नळाला पाणी कमी येऊ लागले तर आपण निदान हंड्याचे भोक बुजवतो, तसाच हा प्रकार. त्याने हंडा थोडा अधिक भरलेला राहतो, नळाचे पाणी काही वाढत नाही.

विषातून औषध

हे भोक बुजवणारी द्रव्ये वनस्पतींत सापडली. आफ्रिकेतील नायजेरियात कलाबार नावाच्या प्रदेशात एक विषारी घेवडा होतो. पूर्वी तिथे आरोपीला त्याचे बी खायला देऊन दिव्य करायला लावीत. वाचला तर निर्दोष! या बीमधून १८६४ साली फायसोस्टिग्मीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते एन्झाइमला रोखते, पण त्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो आणि मळमळ, उलट्या होतात. पुढे जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठात प्रा. मार्टा वाइनस्टॉक यांनी त्याच्या रचनेवरून सुधारित रेणू घडवला. तेच आजचे रिव्हास्टिग्मीन.

दुसरे औषध गॅलँटामीन. युरोपात बर्फ वितळताना उमलणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या फुलाच्या कांद्यातून ते मिळाले. १९५० च्या दशकात रशिया आणि बल्गेरियातील संशोधकांनी त्यावर काम केले. तेव्हा ते पोलिओनंतरच्या आणि स्नायूंच्या दुर्बलतेवर वापरीत. स्मृतिभ्रंशावर त्याचा उपयोग पुष्कळ नंतर ध्यानात आला आणि अमेरिकेत २००१ साली त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. म्हणजे फुलापासून या गोळीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली!

आपल्या परसातील नागदवणा याच फुलाच्या कुळातला. पण म्हणून कोणी त्याचा कांदा उगाळून देऊ नये. या कांद्यांत विषारी द्रव्येही असतात.

शोध कसा घेतात?

प्रथम वनस्पतीचा अर्क काढून तो परीक्षानळीत एन्झाइमबरोबर ठेवतात. १९६१ सालापासून प्रचलित असलेल्या एलमन यांच्या पद्धतीत एन्झाइम काम करू लागले की द्रावण पिवळे होते. पिवळेपणा कमी आला, तर अर्काने एन्झाइमला रोखले असे समजायचे. मग अर्काचे भाग पाडून, पुन्हा पुन्हा तपासून नेमके द्रव्य वेगळे करायचे. त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग आणि सर्वांत शेवटी माणसांवर चाचणी.

बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात. कोणी विषारी ठरते, कोणी मेंदूपर्यंत पोचतच नाही. हळदीतील कर्क्युमीन परीक्षानळीत मोठी आशा दाखवते, पण तोंडाने घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. "अमुक वनस्पती स्मृतिभ्रंशावर गुणकारी" अशी बातमी वाचाल, तेव्हा ते परीक्षानळीत दिसले, उंदरात की माणसात, हे आधी पाहावे.

माणसांवरील चाचणी का हवी, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क. स्मरणशक्तीसाठी तो जगभर खपतो. अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढील ३,०६९ जणांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या सुमारे सहा वर्षे दिल्या. कोणाला काय मिळते हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. निकाल २००८ साली आला. निरुपयोगी गोळ्या घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, तर अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना! अर्काचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

मग आपल्या ब्राह्मीचे काय? लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातील बॅकोसाइड या द्रव्यांवर बरीच वर्षे काम केले आहे. निरोगी माणसांवरच्या काही छोट्या चाचण्यांत पाठांतर थोडे सुधारल्याचे दिसले. पण निरोगी माणसाचे पाठांतर सुधारणे वेगळे आणि स्मृतिभ्रंश थांबणे वेगळे. रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ब्राह्मी अजून सिद्ध झालेली नाही. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून कधी मंडूकपर्णीही मिळते. आपण नेमके काय घेतो आहोत, हेही मग सांगता येत नाही.

घरच्यांनी काय करावे?

गॅलँटामीन किंवा रिव्हास्टिग्मीनने आजार बरा होत नाही. काही रुग्णांची घसरण काही काळ मंदावते, एवढेच. मळमळ होणे, वजन घटणे, नाडी मंद होणे असे त्रास संभवतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. वनस्पतींची चूर्णे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गिंकोपासून दूर राहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी आधी, औषध नंतर. थायरॉईड मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांनीही विस्मरण होते आणि यांवर उपाय आहेत. त्यासाठी रक्ताच्या साध्या तपासण्या आणि गरज पडल्यास मेंदूचा स्कॅन पुरतो.

त्या दुकानदार आजोबांचे रक्त तपासले, तेव्हा ब-१२ अगदी तळाला गेलेले निघाले. इंजेक्शने सुरू केली. चार महिन्यांनी ते देवळातून एकटे घरी येऊ लागले. हिशेब मात्र अजून पहिल्यासारखे जमत नाहीत, गल्ल्यावर आता मुलगा बसतो. चूर्णाने त्यांचे काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते वाट पाहण्यात गेलेल्या सहा महिन्यांनी.