घटक ४ : गंध, ग्रंथ आणि आत्मकथन

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
- गंध आणि स्मृती यांचा संबंध सांगता येईल.
- मराठीतील गंधवाचक शब्दांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
- आत्मकथनातील गंधाच्या उल्लेखांचा सामाजिक अर्थ लावता येईल.
- स्वतःच्या आठवणींचे लेखन करताना गंधाचा जाणीवपूर्वक उपयोग करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आत्मचरित्र आणि आत्मकथन यांतील भेद पाहिला. आत्मकथन आठवणींच्या आधाराने उभे राहते. मात्र आठवण ही केवळ घटनांची यादी नसते. जून महिन्यात नवे पाठ्यपुस्तक उघडताच येणारा शाईचा आणि कागदाचा वास, त्याच सुमारास पहिल्या पावसाने उठणारा मातीचा वास, हळद शिजवण्याच्या दिवसांत अर्धापूर-वसमतच्या शिवारावर पसरणारा वास, यांपैकी एखादा आज अचानक आला, तर त्याच्यासोबत एक अख्खा काळ परत येतो. हे का घडते? आणि लिहायला बसल्यावर हाच वास शब्दांत पकडणे इतके अवघड का जाते? या दोन प्रश्नांपासून आपण सुरुवात करू आणि त्यातून तिसऱ्या, अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे जाऊ : कोणाच्या आयुष्यातील गंधाला साहित्यात जागा मिळाली आणि कोणाच्या गंधाला नाकारले गेले?

४.२ विषय-विवेचन

४.२.१ गंध आणि स्मृती

दृश्य, ध्वनी, स्पर्श यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र नाकामागील घ्राणकंदातून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांकडे अधिक थेट पोहोचतात. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक कार्यरत असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंधाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा बालपणाच्या पहिल्या दशकातील आणि भावनेने अधिक भारलेल्या असतात, असे मानसशास्त्रीय अभ्यासांतून दिसून आले आहे. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराच्या बृहत्कादंबरीचा पहिला भाग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्याने निवेदकाचे बालपण जागे होण्याचा त्यातील प्रसंग जगभर याच कारणासाठी उल्लेखला जातो.

भारतीय विचारपरंपरेने हे नाते एका शब्दातच साठवून ठेवले आहे. तो शब्द म्हणजे ‘वासना’. आज आपण तो ‘तीव्र इच्छा’ या अर्थाने वापरतो. संस्कृतात ‘वासयति’ म्हणजे ‘सुवासित करतो’. दार्शनिकांच्या, विशेषतः बौद्ध विचारवंतांच्या, लेखनात अनुभवाने चित्तावर उमटवलेल्या सूक्ष्म ठशाला वासना म्हटले आहे. त्यासाठी दृष्टान्त दिला जातो तो तीळ आणि फुले यांचा. फुलांच्या सान्निध्यात ठेवलेल्या तिळांना फुलांचा वास लागतो. फुले काढून टाकली तरी त्या तिळांच्या तेलात तो राहतो. घटना संपते, तिचा वास उरतो आणि तो उरलेला वास म्हणजेच स्मृतीचे बीज, अशी ही कल्पना आहे.

४.२.२ गंधाची भाषा

आता भाषेकडे वळू. रंगांना लाल, हिरवा, पिवळा अशी स्वतंत्र नावे आहेत. गंधाला मात्र आपण बहुधा उगमाच्या नावाने ओळखतो : मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, शेणाचा वास. सर्वच भाषांची स्थिती अशी नाही. मलाय द्वीपकल्पातील जहाई भाषेत गंधाच्या गुणांसाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि तिचे भाषक रंगांइतक्याच सहमतीने गंधांची नावे सांगतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. मराठीतही असे शब्द अगदीच नाहीत असे नाही. खमंग, कुबट, खवट, उग्र, आंबूस, करपट, जळकट हे शब्द विशिष्ट वस्तूचे नाव न घेता गंधाचा गुण सांगतात. ‘खमंग’ म्हटले की भाजण्या-तळण्याची क्रिया सूचित होते. ‘कुबट’ म्हटले की बंद, ओलसर जागा डोळ्यांसमोर येते.

या शब्दसंग्रहाचे बारकाईने निरीक्षण केल्यास तीन गोष्टी लक्षात येतात.

(१) शब्दांची वाटणी. सुगंध, सुवास, सौरभ, परिमल हे प्रशंसेचे शब्द प्रायः तत्सम आहेत. कुबट, खवट, घाण, करपट हे नापसंतीचे शब्द बोलीतून आलेले किंवा तद्भव आहेत. ‘खमंग’सारखे अपवाद थोडे आहेत आणि ते बहुतेक स्वयंपाकघरातले आहेत.

(२) अर्थाची घसरण. ‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’ या शब्दापासून आला. मूळ अर्थ फक्त वास किंवा नाक असा. मराठीत येईपर्यंत तो दुर्गंध आणि पुढे अस्वच्छता या अर्थापर्यंत उतरला. ‘वास’ हा शब्दही एरवी तटस्थ आहे; पण ‘या डब्याला वास येतो’ असे नुसते म्हटले की तो वाईटच असतो. ‘दर्प’ हा एकच शब्द उग्र वास आणि गर्व हे दोन्ही अर्थ सांगतो.

(३) ज्ञानाचे रूपक. ‘त्याला याची गंधवार्ताही नाही’, ‘संगीताचा गंध नसणे’, ‘संशयाचा वास येणे’ या प्रयोगांत गंध म्हणजे एखाद्या गोष्टीचा अगदी पहिला, सूक्ष्म सुगावा. डोळ्यांना दिसण्यापूर्वी नाकाला कळते, हा लोकानुभव या वाक्प्रचारांत गोठला आहे.

गंध आणि शब्द यांचे नाते मराठी वाङ्मयाला आरंभापासून परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेवांनी मराठी बोलाची महती सांगताना इंद्रियांचे भांडण कल्पिले आहे. शब्द हा खरे तर कानाचा विषय. पण त्यावर जीभ आपला हक्क सांगते आणि नाकाला तो परिमळच वाटतो. गंध शब्दांत येऊ शकत नाही, या समजुतीला हे सातशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘वासना’ या संज्ञेचा दार्शनिक अर्थ काय?
(आ) ‘घाण’ हा शब्द कोणत्या संस्कृत शब्दापासून आला?
(इ) वस्तूचे नाव न घेता गंधाचा गुण सांगणारे दोन मराठी शब्द लिहा.

४.२.३ अत्तर आणि ग्रंथ

‘अत्तर’ हा शब्द अरबी ‘इत्र’ या शब्दापासून फारसीमार्गे मराठीत स्थिरावला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात अत्तर, ऊद, लोबान हे शब्द उरुसाइतकेच लग्नमंडपातही सहज वावरले. कीर्तनातला बुक्का, देवघरातली उदबत्ती आणि कानात ठेवलेला अत्तराचा फाया यांनी मिळून आपल्या प्रदेशाची गंधस्मृती घडवली आहे. ‘अत्तार’ म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि औषधी विकणारा. महाराष्ट्रात हे आडनाव आजही आढळते. पक्ष्यांच्या प्रवासाची रूपककथा लिहिणारे फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचे नावही याच व्यवसायावरून आले आहे.

उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे पारंपरिक पद्धतीने अत्तर तयार होते. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून मंद आचेवर तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तेथे आधी घातलेल्या चंदनतेलात फुलांचा गंध मुरतो. ही प्रक्रिया आत्मकथनाच्या निर्मितीशी ताडून पाहण्यासारखी आहे. फुले म्हणजे घटना. त्या जशाच्या तशा टिकत नाहीत. त्यांना धरून ठेवणारे तेल लागते, आणि लेखकाची आजची समज हे ते तेल होय. त्यामुळे एकाच घरातील दोन भावंडांनी एकाच दिवसाविषयी लिहिले तरी दोन वेगळी अत्तरे हाती येतात.

ग्रंथालाही स्वतःचा गंध असतो. जुन्या पुस्तकाचा वास हा कागदातील सेल्युलोज आणि लिग्निन यांच्या संथ विघटनाचा परिणाम आहे. त्यातून उडून जाणारी संयुगे बाहेर पडतात. त्यांत व्हॅनिलाच्या सुगंधाचा घटक असलेले व्हॅनिलिनही असते. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये या संयुगांवरून कागदाची अवस्था ओळखण्याची पद्धत मांडली. म्हणजे जुन्या पुस्तकाचा आपल्याला आवडणारा वास ही त्याच्या झिजण्याचीच खूण असते. आपल्याकडे पोथ्या कापडाच्या बासनात बांधून त्यांत कसरीपासून रक्षणासाठी वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवत. त्या पोथीचा वास हा तिला जपणाऱ्या हातांचाही वास असे.

आठवणींचे जतन हेच मराठी गद्याच्या आरंभाचे कारण होते, हे येथे ध्यानात घ्यावे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या सहवासातील भक्तांकडून आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. सहवास सुटल्यावर मागे उरलेला वास ग्रंथात बांधणे, असेच त्या कार्याचे वर्णन करता येईल.

४.२.४ मराठी आत्मकथनातील गंध

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. ४.२.२ मध्ये आपण पाहिले की प्रमाणभाषेत सुगंधासाठी प्रतिष्ठित शब्द आहेत. ओले कातडे, घाम, गिरणीतील तेलकट पिंजर, धुराने भरलेली झोपडी यांच्या गंधासाठी मात्र ती मौन पाळते किंवा ‘दुर्गंधी’ या एकाच शब्दात सर्व गुंडाळते. हे मौन निव्वळ भाषिक नाही. कोणता वास ‘सु’ आणि कोणता ‘दुर्’ हे ठरवताना समाज बहुधा तो वास कोणाच्या श्रमाचा आहे, हे आधी पाहत आला आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीकडून येताना नाकाला पदर लावणे ही कृती गंधाविषयी जितके सांगते, त्याहून अधिक जातीविषयी सांगते.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांनी हे मौन मोडले. ‘अक्करमाशी’त शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून केलेल्या भाकरीचा प्रसंग आहे. निवेदक ती भाकरी मागून घेतो आणि शेणाच्या वासाने त्याला ती गिळवत नाही. येथे गंध हा वर्णनाचा अलंकार नाही. तो भुकेचा पुरावा आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरीचा शिक्का बसलेल्या जमातीतील मुलगा शाळेत जातो, पुढे सूतगिरणीत काम करतो, ही कहाणी ज्या बोलीत येते, त्या बोलीशिवाय ते जग कागदावर आलेच नसते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाचे शीर्षकच आईच्या हातून विणल्या जाणाऱ्या बांबूच्या वस्तूंवरून आले आहे.

या सर्व लेखनाने मराठीला नवे विषय दिले, असे आपण नेहमी म्हणतो. भाषाभ्यासाच्या दृष्टीने त्यात एक भर घालावी लागते. बोली लिखित झाली, तेव्हा तिच्यासोबत तिची गंधसंपदाही लिखित झाली. वाचकाला नाक मुरडण्याची सवय होती. या पुस्तकांनी ते नाक कोणी आणि कशासाठी मुरडले, हे विचारले.

४.२.५ स्वतःचे लेखन

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहेत. लिहिण्याची वेळ आली की ‘आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?’ ही शंका हमखास येते. पुढील दोन नमुने वाचा.

(क) येळवशीच्या दिवशी शेतात सर्वत्र मधुर सुगंध दरवळत असे.

(ख) येळवशीच्या सकाळी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन आई पुढं चालायची. तोंड फडक्यानं बांधलेलं, तरी आंबूस वास मागं यायचा. तो सुटू नये म्हणून मी तिच्या पावलावर पाऊल टाकत कडब्याच्या कोपीपर्यंत जायचो. शेत मात्र आमचं नव्हतं.

पहिल्या वाक्यातील सुगंध कोणाचाही असू शकतो, म्हणून तो कोणाचाच नाही. दुसऱ्या उताऱ्यात ‘आंबूस’ हा एकच गंधवाचक शब्द आहे. परंतु त्याच्या मागोमाग आई, वाट, सण आणि अखेरीस भूमिहीनता येते. उताऱ्यातील शेवटचे वाक्य वासामुळेच बोचते.

लिहिताना तीन पथ्ये पाळावीत. एक, गंधाचे नेमके नाव शोधा. प्रमाणभाषेत नसेल तर घरातल्या बोलीत पाहा. दोन, गंधाला माणूस, जागा आणि ऋतू यांच्याशी जोडा. तीन, गंधाने जागी झालेली आठवण उत्कट असते, पण उत्कटता म्हणजे अचूकता नव्हे. साल, नाते, क्रम यांची वडीलधाऱ्यांकडून वा कागदपत्रांतून खातरजमा करा. गतकाळावर सरसकट अत्तर शिंपडल्याने त्यातील दुःख झाकले जाते आणि खरेपणाही.

स्वयंअध्ययन प्रश्न – २

चूक की बरोबर ते लिहा.
(अ) ‘उचल्या’ हे आत्मकथन शरणकुमार लिंबाळे यांचे आहे.
(आ) जुन्या पुस्तकाचा वास कागदाच्या विघटनामुळे येतो.
(इ) गंधामुळे आलेली आठवण नेहमीच अचूक असते.

४.३ सारांश

गंध स्मृतीला अन्य संवेदनांपेक्षा अधिक थेटपणे जागे करतो. ‘वासना’ या संज्ञेत हे नाते पूर्वीच नोंदले गेले आहे. मराठीत प्रशंसेचे गंधवाचक शब्द प्रायः तत्सम, तर नापसंतीचे शब्द बोलीतील आहेत. ही वाटणी सामाजिक उतरंडीशी जुळणारी आहे. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी बोलीबरोबर श्रमाचे आणि भुकेचे गंध साहित्यात आणले. म्हणून आत्मकथन वाचताना आणि लिहिताना गंधाकडे सजावट म्हणून न पाहता जीवनाची साक्ष म्हणून पाहावे.

४.४ पारिभाषिक शब्द

तत्सम : संस्कृतातून रूप न बदलता आलेला शब्द.
तद्भव : संस्कृतातून ध्वनिबदल होऊन आलेला शब्द.
घ्राणकंद : गंधाचे संदेश प्रथम स्वीकारणारा मेंदूचा भाग.
वासना : अनुभवाने चित्तावर उमटवलेला सूक्ष्म ठसा.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) अनुभवाने चित्तावर उमटवलेला सूक्ष्म ठसा म्हणजे वासना. (आ) ‘घाण’ हा शब्द ‘घ्राण’ या शब्दापासून आला. (इ) खमंग आणि कुबट हे असे दोन शब्द आहेत.
प्रश्न २ : (अ) चूक. (आ) बरोबर. (इ) चूक.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘गंधाची प्रतवारी ही समाजाचीही प्रतवारी असते.’ या विधानाची एका आत्मकथनाच्या आधारे चर्चा करा.
२. अत्तराची निर्मिती आणि आत्मकथनाची निर्मिती यांतील साम्य स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला तिच्या बालपणीचे पाच वास विचारा. तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तिच्या उच्चारांसह लिहून ठेवा. त्यांतील कोणते शब्द आपल्या शब्दकोशात नाहीत, ते शोधा. ते शब्द आज लिहून ठेवले नाहीत, तर ते त्या व्यक्तीबरोबरच जातील.